खेळघराची ऊबफळी

अप्पा मगदुमांनी नातीच्या खेळघराची मागची भिंत बसवली तेव्हा पौषातलं ऊन नुकतंच परसात उतरलं होतं. त्यांची मुलगी तेजश्री पायरीवर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हातोडीचे ठोकेसुद्धा गोड लागतात.

खेळघरात नवं असं काहीच नव्हतं. अप्पांचा जन्म एसटीच्या कार्यशाळेत बसच्या बॉड्या बांधण्यात गेला होता. डिझेलच्या बस मोडीत निघाल्या तेव्हा त्यांनी हौसेनं काही खिडक्या घरी आणल्या आणि मग वर्षानुवर्षं त्यांवरून घरच्यांची बोलणी खाल्ली. आता नातीच्या, शर्वीच्या घराला सरकत्या काचा होत्या आणि एका काचेवर लाल अक्षरांत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असंही लिहिलेलं होतं. जमिनीला खोक्यांच्या फळ्या, छपराला कुणाच्या तरी गोठ्याचे पत्रे. मागच्या भिंतीच्या फळ्या मात्र तेजश्रीनं आणल्या होत्या. ती जिथं परिचारिका होती, त्या मिरजेबाहेरच्या शुश्रूषागृहानं त्या भंगारात काढल्या होत्या.

ज्यांच्यावर करण्यासारखे उपचार उरले नाहीत, अशांचे शेवटचे दिवस त्या शुश्रूषागृहात जात. माणूस अखेरीला लागला की हातपाय गार पडतात आणि अंगावर पांघरुणाचाही भार सोसत नाही. म्हणून तिथल्या खाटांमागे ऊबफळ्या लावलेल्या होत्या. फळीच्या आत केसासारख्या तारांची जाळी असे. फळीच्या पुढच्या बाजूला असलेल्या माणसाचा श्वास, छातीचे ठोके, अंगाचा ढिलेपणा, सगळं ती जाळी टिपायची. हजारो रुग्णांच्या शेवटच्या दिवसांवरून फळीला शिकवलेलं होतं. वेळ जवळ आलेली तिला कळायची आणि ती आपणहून कोमट व्हायची. विजेची जोडणी नको, की बटण नको. दिवसाच्या उजेडावर तिचं भागत असे.

हळूहळू शुश्रूषागृहात एक रीतच पडली. भिंतीनं ऊब धरली की सिस्टरनं नातेवाइकांना फोन करायचा. "येऊन जा. हातातलं काम असू दे, पण येऊन जा." एवढंच बोलायचं. तेजश्रीनं हे वाक्य इतक्यांदा उच्चारलं होतं की आता तिला त्याचं काही वाटत नसे, आणि काही वाटत नाही याचं मात्र वाईट वाटे.

मग एके दिवशी 'जुन्या झाल्या' म्हणून फळ्या उतरवल्या गेल्या. नव्या येणार होत्या, त्या आल्या नाहीत. भिंती जे पाहायच्या ते आता सिस्टरांनी पाहायचं, खाटेखाटेपाशी जाऊन, हात हातात घेऊन. माणसं तेवढीच होती. पाळ्या लांबल्या. तेजश्री घरी यायची ती नुसती अंगानं.

खेळघर पुरं झालं त्या रविवारी शर्वीनं दोघांना भातुकलीच्या चहाला बोलावलं. अप्पा गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे आत मावले. तेजश्री भिंतीला टेकली आणि कप हातात धरूनच तिचा डोळा लागला.

संध्याकाळी भाकरी खाताना शर्वी म्हणाली, "आई, माझ्या घराची भिंत गरम होते. आपण चहा पीत होतो ना, तेव्हा झालेली."

"उन्हानं झाली असेल," अप्पा म्हणाले.

"तिथं ऊन येत न्हाई आज्जा. चिकूची सावली असते."

तेजश्रीच्या हातातला घास हातातच राहिला. ती भिंत कधी चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. फार तर एखादा दिवस इकडे-तिकडे. आणि आत ती तिघंच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आधी शर्वीला आत बसवलं आणि स्वतः बाहेरून, झाडाच्या बाजूनं, फळीच्या मागच्या अंगावर तळवा टेकवून उभी राहिली. आत पोरगी बाहुलीला रागावत होती. अभ्यास कर, दूध पी, असं बरंच काही चाललं होतं. भिंत गार होती. तेजश्री उभीच राहिली. बाहुलीची आंघोळ झाली, जेवण झालं, तरी भिंत गारच. तेव्हा कुठं तिला नीट श्वास घेता आला.

मग तिनं अप्पांना हाक मारली. "आतला तो कोपरा हलतोय बघा जरा."

"हलतोय? मी बसवलेला?" अप्पा पान्हा घेऊन आत शिरले. "रात्रभर जागायचं आणि दिवसा बापाच्या कामात खोट काढायची. काय हलत न्हाई बघ. कंडक्टरनं लाथा मारल्या तरी हलायचं न्हाई."

"नीट बघा. टेकून बसा आणि बघा."

ते कुरकुरत बसून राहिले. भिंत गार ती गारच.

अप्पा बाहेर आल्यावर ती आत गेली. पाठ टेकली. सावलीतली फळी आधी ब्लाऊजमधून गार लागली, आणि मग, कुणीतरी मागून हळूच हात ठेवावा तशी, कोमट होत गेली. तिला आधी सुटल्यासारखंच वाटलं. पोरगी नव्हे, अप्पा नव्हेत. भीती त्याच्या मागून आली. आणि खरं सांगायचं तर ती ऊब इतकी बरी वाटत होती की तिला तिथून उठवेना.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "रक्त जरा कमी आहे. बाकी काही नाही. विश्रांती घ्या," ते म्हणाले. हे सांगताना त्यांनाच जांभई आली.

तेजश्रीचा जीव स्वस्थ बसेना. ती मार्था सिस्टरांकडे गेली. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या.

"सिस्टर, फळ्या खरंच जुन्या झाल्या होत्या?"

मार्था सिस्टरांनी दार लोटून घेतलं. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. घरी एक भिंत आहे माझ्या."

"आपल्या बसायच्या खोलीतली भिंत ऊब धरायला लागली होती," त्या म्हणाल्या. "कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, बिघाड आहे, रुग्ण आणि धडधाकट माणूस यातला फरक फळीला कळेनासा झालाय. मग सगळ्याच काढल्या."

"बिघाडच होता ना?"

"मला काय माहीत, बाई? त्या खोलीत बसणारी मी अजून आहे. ज्योत्स्ना नोकरी सोडून गावी गेली, ती आता छान आहे म्हणे. आणि शकुंतला..." पुढचं सांगायची गरज नव्हती. शकुंतला ड्यूटी संपवून स्कूटरपाशी पोचायच्या आत कोसळली होती. तिचेही सगळे रिपोर्ट चांगले होते.

घरी आल्यावर तेजश्रीनं अप्पांना सगळं सांगितलं. मनात ठेवण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. अप्पा उठले, पान्हा घेतला आणि परसात जाऊन भिंतीचे नट सोडवायला लागले.

"काढू नका अप्पा. काढली तर मला कळणार कसं?"

"काय कळायचंय?"

"तिला मरणारा माणूस ओळखता येतो. पण तिनं पाहिलेली सगळी माणसं शेवटाला दमलेलीच होती. मी नुसती दमलेय, की त्यांच्यातली झालेय, हे कसं ठरवायचं? विश्रांती घेतली आणि भिंत गार राहिली, तर नुसती दमले होते."

"मग घे की विश्रांती."

"रजा देतंय कोण? माझ्या वाट्याच्या खाटा कोण बघणार?"

अप्पांनी पान्हा खाली ठेवला. "तू रोज कुणाच्या तरी लेकरांना फोन लावून बोलवून घेतेस. माझ्या लेकीला मी कुणाकडनं बोलवून घ्यायचं?" त्यांनी तिच्या हातातला फोन घेतला आणि मार्था सिस्टरांना लावला. काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. रजा मात्र मिळाली, कुरबुरीसकट.

तेजश्री झोपली. जेवायला उठायची आणि पुन्हा झोपायची. नंतर नंतर ती दुपारीही जागी राहू लागली. तिनं शर्वीच्या वेण्या घातल्या, बाहुलीला झबलं शिवलं, अप्पांशी चहात साखर किती यावरून भांडलीसुद्धा. खेळघराकडे मात्र ती फिरकली नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी दोरीवर वाळत घातलेला गणवेश काढायला ती परसात आली. शर्वीनं काच सरकवून डोकं बाहेर काढलं. "आई, चहा झालाय. ये की."

ती वाकून आत गेली. शर्वीनं तिच्यापुढे रिकामा कप ठेवला. गणवेश मांडीवर घेऊन तेजश्री बसली, भिंतीपासून वीतभर पुढे, ताठ. भिंत गरम निघाली तर काय करायचं ते तिला पाठ होतं. नवऱ्याला, अभयला फोन करायचा. तो दूर कच्छात सौरपट्ट्यांच्या कामावर होता. येऊन जा, म्हणायचं. आणि गार निघाली, तर ती धडधाकट होती, उद्या पहाटे तिला पाळीवर जायचं होतं, आणि मग परवा, तेरवा, पुन्हा भिंत कोमट होईपर्यंत रोज जायचं होतं.

"टेक की पाठ," शर्वी म्हणाली. "पाहुण्यांनी टेकूनच बसायचं असतं."

तेजश्रीनं मांडीवरच्या कपड्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. भिंत गार निघावी, असं तिला खरंच वाटत होतं का?