कुटारवाला

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मी आमच्या तुरीच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती घेऊन बसले होते. एक चष्मेवाला पोरगा आला आणि मुठीत कुटार घेऊन बासमती पारखावा तसा पारखायला लागला. ढोरं पाळणारा तर दिसत नव्हता. मी विचारलं, "कायले पाह्यजे तुम्हाले कुटार?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला… आणि म्हणाला, "निकल."

आता आमच्याकडे 'निकल' म्हणजे सरळसरळ 'चालती हो'! माझ्याच पोत्यांपुढे उभा राहून मलाच निकल म्हणतो? मी त्याला असं झाडलं, की शेजारची मिरचीवाली भाव सांगायची विसरली. त्याचे कान लाल झाले. चाचरत म्हणाला, "नाही हो… निकल धातू असते. पाण्यातून काढाचा हाय, या कुटारानं."

बोलता बोलता कळलं, तो ज्याला निकल म्हणतो त्याला आम्ही गिलेट म्हणतो. माझे बा, भीमसिंग, दागिन्यांवर तेच चढवतात. दागिने धुतलेलं हिरवं पाणी आमच्या बंजारा तांड्याच्या नाल्यात जायचं, आणि तांड्याच्या प्रमुखानं, नाईकांनी, बजावलं होतं, पाणी साफ करा नाहीतर दुकान बंद. दुकान गेलं असतं तर आम्हाला तांडा सोडून पुसदला मामाकडे जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं. मी त्याला पोत्यांसकट घरी आणलं.

त्याचं नाव रजत. कळंबकडचा शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेजात याच कामावर संशोधन करत होता. त्यानं पाइपात कुटार ठासून भरलं आणि वरून हिरवं पाणी सोडलं. खालून आलं ते चहासारखं तांबडं! बा कपाळाला हात लावून बसले. मला वाटलं, आता हा पाइपाला नाहीतर पाण्याला नावं ठेवणार.

तो बांपुढे येऊन म्हणाला, "काका, माह्यं चुकलं. कुटार धुवाचं राह्यलं." आणि बाह्या सरसावून हौदावर बसला. कुटार धुतलं, उकळलं, वाळवलं. कोपरापर्यंत भुसा, चष्म्यावर भुसा… तोंडानं गुणगुणणं चालूच. आपलं चुकलं असं इतक्या सहज म्हणणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगते, मी तिथंच गेले कामातून.

दुसऱ्यांदा पाणी थेंब थेंब उतरलं ते नितळ. त्यानं बाटली भरून कॉलेजात तपासायला नेली. तो परत येईपर्यंत माझ्या पोळ्या रोज करपत होत्या, आणि याडी, माझी आई, गालात हसत होती. आला तो हसतच आला. जवळपास सगळं गिलेट कुटारात अडकलं होतं. नाईकांनी तपासणीचा कागद वाचून घेतला, मान डोलावली. दुकान राहिलं! बांनी त्याला मिठीच मारली.

निघताना तो दारात घुटमळला.

"गिलेटनं भरलेलं कुटार ढोराले घालू नका. मी… येऊन नेत जाईन."

"फक्त कुटार न्याले याल?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "नाही. तुमच्यासाठी येईन. तुम्ही मले लय आवडता, राखी."

 मी मान वर करून म्हणाले, "मंग एकटे येऊ नका. येताना तुमच्या आईले घेऊन या."