आपण म्हणजे नक्की कोण?

शलाकाने कळ दाबली ती इरफानला वाचवण्यासाठी, आणि बरी झाली ती स्वतःच. खरं तर तिला काही झालेलंच नव्हतं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तरी पडद्यावर तिच्याच डोक्याभोवती हिरवा उजेड फिरला, आणि पुढे ढाल धरून उभा असलेला इरफान राखेच्या राक्षसाचा घाव खाऊन आडवा झाला. तिने पुन्हा कळ दाबली. पुन्हा हिरवा उजेड, आणि पुन्हा तो तिच्याच डोक्याभोवती.

खेळाचं नाव ‘नऊ दरवाजांचा किल्ला’. एका संघात तिघं. इरफान ढालकरी, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून मार खाणारा. समिधा तिरंदाज. आणि शलाका वैद्य. वैद्याने लढायचं नसतं. संजीवन मंत्र टाकून सोबत्यांना उभं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी पाचव्या दरवाजापाशी आधी इरफान गेला, मग समिधा गेली, आणि ठणठणीत शलाका राक्षसासमोर एकटीच उरली.

खेळ संपल्यावर इरफान म्हणाला की तिने दवाखान्यावर पाटीच लावावी, डॉक्टर फक्त स्वतःला तपासतील. एरवी शलाका हसली असती. पण समिधा हसत नव्हती.

“आम्ही ठरवलंय,” समिधा म्हणाली. “पुढच्या रविवारी एकदा बघू. तेव्हाही असंच झालं तर माझ्या आतेभावाला वैद्य करू. राग मानू नकोस.”

शलाकाला आतेभावाचं काही वाटलं नाही. तिला लागला तो ‘आम्ही’ हा शब्द.

कारण इरफान आणि समिधा होते तासगावात, आणि शलाका होती चंद्रावर. तिची आई चंद्राच्या दक्षिणेकडच्या खोल विवरांत बर्फ शोधायचं काम करायची आणि बरेचदा बाहेरच असायची. वस्तीत शलाका आजोबांबरोबर राहत असे. त्यांना सगळे नाना म्हणत. पृथ्वीशी बोलणाऱ्या मोठ्या अँटेनाची देखभाल नानांकडे होती. वस्तीत तिच्या वयाचं दुसरं मूल नव्हतं. रविवारचा खेळ गेला असता तर तासगावची दोस्तीही हळूहळू गेलीच असती.

आता ही घोटाळ्याची कळ आली कुठून, तेही सांगितलं पाहिजे.

चंद्रावर आल्यापासून शलाकाचा मंत्र नेहमी उशिरा पोचायचा. तासगावात असताना ती अगदी ऐनवेळी माणसं वाचवायची. इथे मात्र इरफानला लागलेलं दिसलं म्हणून मंत्र टाकावा, तर तोवर तो मेलेला असे. असं का होतं ते नानांनी तिला महिन्यापूर्वीच समजावलं होतं.

खेळ चालायचा पृथ्वीवरच्या सर्व्हरमध्ये (सगळ्या खेळाडूंचा खेळ ज्यात प्रत्यक्ष घडतो तो मोठा संगणक). तिथलं चित्र चंद्रापर्यंत यायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. शलाकाचा हुकूम परत जायला पुन्हा तेवढाच. प्रकाश आणि रेडिओलहरी यांच्याहून वेगाने काहीच धावत नाही, त्यामुळे अँटेना कितीही मोठी केली तरी हा उशीर टळत नाही.

“तू लांबच लांब पंगतीत वाढायला माणूस पाठवते आहेस असं समज,” नाना म्हणाले होते. “त्याला सांगितलंस, इरफानला भाजी वाढ. तो तिथे पोचेपर्यंत इरफान जेवून उठलेला, आणि शेजारची समिधा रिकाम्या पानावर बसलेली. मग वाढप्याला काय सांगून पाठवावं?”

शलाकाने विचार करून उत्तर दिलं होतं की नाव सांगूच नये. पोचशील तेव्हा ज्याचं पान सगळ्यात रिकामं दिसेल त्याला वाढ, असं सांगावं.

नाना खूश झाले होते. खेळात यासाठीच मॅक्रो (अनेक हुकूम आणि अटी एकाच कळीत बांधलेली जुडी) करायची सोय होती. ते हुकूम साध्या मराठीत लिहिता येत. अटी तपासल्या जायच्या सर्व्हरमध्ये, हुकूम पोचल्यावर. म्हणजे निवड चंद्रावरून करायची नाही, निवड कशी करायची ते फक्त सांगून ठेवायचं.

शलाकाने मग मॅक्रो लिहिला होता:

*कोणी घायाळ झालं की आपल्याला संजीवन दे. ज्याला जास्त लागलंय त्याला आधी.*

वाचून बघा. चूक दिसते का? शलाकाला दिसली नाही, नानांनाही दिसली नाही. आणि त्या रविवारी पहिल्यांदाच वापरलेल्या त्याच मॅक्रोने असा घात केला.

सोमवारी दोघांनी शोध सुरू केला. नानांना वाटलं, हुकूम वाटेत अर्धवट तुटत असेल. त्यांनी अँटेना तपासली, पण हुकूम अक्षर न अक्षर पोचत होता. शलाकाने दोन वाक्यांची अदलाबदल केली. खेळात सरावासाठी गवताचे सोबती मिळायचे. त्यांना राक्षसासमोर उभं करून तिने कळ दाबली. गवताचे सोबती जळून गेले आणि हिरवा उजेड तिच्याच डोक्याभोवती फिरला. तिने ‘घायाळ’ खोडून ‘जखमी’ लिहिलं. तेच. तिने कळ बदलली, खुर्ची बदलली, शेवटी डाव्या हाताने दाबून पाहिलं. तेच.

मंगळवारी नाना म्हणाले की उशीर हे कारण नाही, एवढं नक्की. मग कारण काय, असं तिने विचारलं, तर ते डोकं खाजवत राहिले. आजोबांना एखादी गोष्ट कळत नाही हे शलाकाने फारसं पाहिलेलं नव्हतं. तिचा गोंधळ त्याने आणखीच वाढला. सर्व्हरला आपला राग आला असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी दुपारी दोघं जेवायला बसली. वस्तीच्या भटारखान्यात एक जुना यंत्रमानव होता. चाकांवर फिरे, एका हाताला डाव आणि दुसऱ्याला चिमटा. सगळे त्याला वाढप्या म्हणत. कामाला चोख, पण सांगितलेलं शब्दाबरहुकूम करणारा. त्याने दोघांना वरणभात वाढला. नानांचं पोट जड होतं. ते म्हणाले, “आपण काही आज भात खाणार नाही बुवा.”

वाढप्याने नानांचं ताट उचललं. मग शलाकाचंही उचललं. तिचा घास हातातच राहिला.

“माझं ताट का नेलंस?”

“आपण भात खाणार नाही, असं नाना म्हणाले,” वाढप्या म्हणाला. “आपण म्हणजे इथे बसलेले सगळे.”

“अरे, आपण म्हणजे मी,” नाना म्हणाले. “मी एकटा.”

वाढप्या शलाकाचं ताट परत घेऊन आला. मग शलाकाकडे वळून अदबीने म्हणाला, “मग आपण काय घेणार?”

“कोण? मी की नाना?”

“आपण,” वाढप्या म्हणाला.

नाना हसता हसता ठसकले. शलाकाही हसायला लागली आणि मध्येच थांबली. घास तसाच ताटात ठेवून तिने मॅक्रो मोठ्याने म्हटला. कोणी घायाळ झालं की आपल्याला संजीवन दे.

“नाना, मला म्हणायचं होतं, आपल्या तिघांना. पण तुम्ही म्हणता तसा ‘आपण’चा अर्थ घेतला तर?”

नानांचं हसू गेलं. आपण म्हणजे बोलणारा आणि ऐकणारे मिळून सगळे. आपण म्हणजे समोरचा, आदराने. आणि आपण म्हणजे, नानांसारखं ऐटीत बोलायचं झालं तर, मी एकटा. माणसाला बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून यातला अर्थ कळतो. यंत्राला तोंड दिसत नाही. खेळाने ‘आपल्याला’ याचा अर्थ हुकूम देणाऱ्याला, असा धरला होता.

“पण ज्याला जास्त लागलंय त्याला आधी, असंही मी लिहिलं होतं,” शलाका म्हणाली.

“हो, पण कोणामध्ये जास्त?” नानांनी विचारलं. “एकाच माणसाच्या पंगतीत सगळ्यात भुकेला तोच.”

भात निवून गेला, पण दोघं तिथेच बसून नवा मॅक्रो लिहू लागली. शलाकाने पहिली ओळ लिहिली: संघातल्या तिघांपैकी जो जिवंत आहे आणि ज्याचा जीव सगळ्यात कमी उरला आहे, त्याला संजीवन दे. ‘जिवंत’ मुद्दाम घातलं, नाहीतर मंत्र मेलेल्यावर वाया जायचा. मग लिहिलं की कोणालाच लागलं नसेल तर मंत्र टाकू नको. मंत्राला शक्ती लागते आणि ती राखावी लागते. शेवटी लिहिलं, वैद्याचा जीव अगदी थोडा उरला असेल तर वैद्याला दे.

नानांनी ती शेवटची ओळ शेवटी का, असं विचारलं. वाढपी सगळ्यांच्या मागून जेवतो म्हणून, असं तिने सांगितलं. लग्नातही तसंच असतं.

“वाढपी भुकेने चक्कर येऊन पडला तर पंगतीचं काय?”

शलाकाला पटलं. यंत्र वरून खाली वाचत जातं आणि पहिली जुळेल ती अट धरून थांबतं. म्हणजे ओळींचा क्रम हाही हुकूमच असतो. तिने ती ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली, आणि ‘कोणालाच लागलं नसेल’ ही ओळ तिच्याखाली. स्वतःपुरतं बघणं वेगळं आणि पडण्याआधी स्वतःला सावरणं वेगळं, हे तिला लिहिताना कळलं.

गवताच्या सोबत्यांवर तो मॅक्रो चालला. पण गवत कोणाला वैद्यपदावरून काढून टाकत नाही.

रविवारी तिघं पाचव्या दरवाजापाशी पोचले. इरफानचा जीव भराभर उतरताना दिसला तशी शलाकाने कळ दाबली. हिरवा उजेड इरफानवर आलाच नाही. पुन्हा तेच? मग तिला दिसलं की उजेड मागे, समिधाभोवती फिरतो आहे. हुकूम जाईपर्यंत इरफान ढालीआड सावरला होता, आणि शलाकाच्या पडद्यावर अजून पोचलाच नव्हता असा एक निखारा समिधाला लागला होता. जे चंद्रावरून दिसणं शक्यच नव्हतं, ते तिथे पोचलेल्या हुकमाने पाहिलं होतं. पुढच्या दाबाला उजेड इरफानवर गेला. दरवाजा उघडला.

तासगावात बराच आरडाओरडा झाला. समिधाने विचारलं, की मला लागल्याचं हिला इतक्या लांबून कळलं कसं. शलाकाने पंगतीची गोष्ट सांगितली. मागे बसलेले नाना पुटपुटले की उद्या मंगळावर मुलं राहायला जातील तेव्हा एका निरोपाला कितीतरी मिनिटं लागतील. त्यांना तर नुसते हुकूम धाडून चालणारच नाही, शहाणपणच बांधून धाडावं लागेल, आणि तेही नीट शब्दांत.

तेवढ्यात इरफान म्हणाला, “पुढच्या रविवारी आपण सहावा दरवाजा घेऊ.”

शलाकाने लगेच विचारलं, “आपण म्हणजे कोण?”

प्रश्न पृथ्वीकडे निघाला. उत्तर यायला अडीच सेकंद तरी लागणार होते, आणि ते इतके लांब तिला कधीच वाटले नव्हते.

“तुला धरून, येडे,” समिधाचा आवाज आला. “आणखी कोण?”