मुठीतली खोट

सोनजाईच्या गडावर पहाट प्रथम पूर्वेच्या बुरुजाला शिवते आणि मग तटाचा एकेक दगड उजळीत सावकाश खाली उतरते. परंतु मार्गशीर्षातल्या त्या दिवशी, चार महिने पायथ्याला तळ ठोकून बसलेल्या खानाच्या राहुट्या धुक्यातून वर येण्याआधीच, उत्तरेच्या चोरदिंडीपाशी पालथा पडलेला लखमा पहारेकरी गस्तीच्या नजरेस पडला. त्याच्या पाठीत सुरी रुतलेली होती आणि दिंडीचा अडसर आतून काढलेला होता.

अडसर आतून काढलेला! गडकऱ्यांच्या काळजात धस्स झाले ते मेलेल्या लखमापेक्षा या अडसराने. रसद घेऊन येणाऱ्या दोन टोळ्या महिनाभरात रानवाटेवर गारद झाल्या होत्या. आपल्यातलाच कुणीतरी खानाला सामील आहे हे सगळ्यांना कळून चुकले होते आणि तेव्हापासून गडाचे गडपण गेले होते. सख्खे भाऊ एकमेकांना पाठ दाखवून झोपेनात. कुणी तटावर जास्त वेळ उभा राहिला तरी खाली खुणा करतो म्हणून चौकशी होई, कुणी खोकला तरी चार माना वळत.

सूर्य हातभर वर आला तेव्हा सदरेवरून सटवाजी लोहाराला बोलावणे आले. गडावरच्या साऱ्या सुऱ्या, विळे आणि भाल्यांची पाती त्याच्या भात्यासमोर घडलेली. पाठीतली सुरी कुणाची हे त्याने सांगायचे होते. हात पुसत तो सदरेवर आला, सुरी पाहिली, आणि मुठीवर नजर पडताच म्हाताऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले.

मूठ सांबरशिंगाची होती. अशी मूठ गडावर एकट्या गोमा नाईकाची. गोमा जातीचा रामोशी. चोरदिंडीतून उतरून रानातल्या वाटांनी बाहेरच्या फौजेला निरोप पोचवणारा तोच, आणि आज दिवस मावळताना उतरून कुमकेच्या पाचशे माणसांना मागल्या कड्याने वर आणणाराही तोच होता. ती वाट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

पण सटवाजी हबकला तो एवढ्यानेच नव्हे. मुठीच्या बुडाशी अंगठ्याच्या नखाएवढी एक खाच पडली होती. ती खाच कसली हे जगात फक्त त्याला ठाऊक होते.

सटवाजीची एक रीत होती. ज्याची सुरी, त्याला तो आधी ओल्या मातीचा गोळा घट्ट आवळायला लावी आणि त्या ठशाबरहुकूम मूठ घाशी. गोमाची मूठ तशीच घासली. पण शिंग बुडाशी पोकळ निघाले. बाहेरून कणखर, आत भुसभुशीत. वेढ्यात दुसरे शिंग कुठून आणायचे? सटवाजीने पोकळी लाखेने आणि शिंगाच्या भुग्याने भरली, वरून घासूनपुसून लख्ख केली आणि अवाक्षर न बोलता सुरी गोमाच्या हाती ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने खोट झाकली होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी गडाची मुखत्यारी असलेल्या हवालदारांनी दवंडी पिटवली की वेढा उठेपर्यंत जो कारागीर खोटे हत्यार देईल किंवा आधी दिलेले लपवून ठेवील, त्याचा उजवा अंगठा तोडला जाईल. सटवाजीने दवंडी ऐकली आणि भाता अधिक जोराने ओढला.

"बोल सटवाजी," गडाचे हवालदार पिराजीराव म्हणाले. चार महिन्यांच्या जागरणाने त्यांचे डोळे तांबारले होते. "सुरी कुणाची?"

"माझ्या हातची हाय, सरकार. गोमा नाईकाची."

सदरेवर गलका झाला. दोन्ही हात करकचून बांधलेला गोमा खांबाशी उभा होता. तो म्हणाला, "सुरी माझी, पर काल सांजेला टाक्यावर अंग धुताना म्यानातनं गेली. रामोशाची सुरी गेली हे कुन्या तोंडानं सांगू? लाज वाटली, म्हनून गप ऱ्हायलो."

"फार सोयीची लाज!" सरनौबत सुभानजी पुढे सरसावले. गडावरचे सारे शिबंदीचे लोक त्यांच्या हुकमात, आणि तलवारीच्या हाताला जोड नाही अशी ख्याती. "हवालदारसाहेब, या इसमाने दिंडी उघडली, लखमाने पाहिले, म्हणून लखमा मेला. भर दुपारी कडेलोट व्हावा असा आमचा अर्ज आहे. आम्ही तर पहाटेच देवीच्या गाभाऱ्यात बेलभंडार उचलून आलो की, गुन्हेगाराचा शोध लागेतो अन्न घेणार नाही." असे म्हणून त्यांनी उजवा हात उंचावला. तळवा भंडाऱ्याने पिवळाधमक झाला होता.

सरनौबतांची ती निष्ठा पाहून बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. सटवाजीच्या मनात मात्र किडा वळवळला. शपथ घ्यायला सांगितली कुणी होती? आणि भंडारा बोटांच्या चिमटीला लागतो, कपाळाला लागतो; इथे तर अंगठ्याखालच्या मांसल भागावर थापल्यासारखा बसला होता.

त्याला दरदरून घाम फुटला. गप्प बसला तर गोमा दुपारी कड्यावरून जाणार, कुमक वाट चुकणार आणि गड पडणार. बोलला तर अंगठा जाणार. लोहाराचा अंगठा गेला की उरते काय? आपण काही वीर नाही, असे त्याला साफ वाटले, आणि ते खरेही होते.

"सरकार," तो म्हणाला, "भात्यावरल्या चार सुऱ्या मागवा. मग काय ते सांगतो."

"कशास? वेळ काढण्यास?" सरनौबत गरजले.

पिराजीरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग लोहाराकडे पाहिले. त्यांचा दोघांवरही विश्वास नव्हता. "मागवा," ते म्हणाले.

घोंगडीवर सुऱ्या मांडल्या गेल्या. "ही शिसवीची मूठ," सटवाजी सांगू लागला, आणि कामाची गोष्ट निघताच त्याचा आवाज आपोआप सावरला. "वजनदार, दिसायला देखणी, पर रगत लागलं की निसटती. ही बाभळीची. घाम पिती, हाताला फोड येऊ देत न्हाई; गवत कापणाऱ्याला हीच द्यावी. हे म्हशीचं शिंग, गुळगुळीत, उन्हात तडकतंय. ही पितळेची, थंडीत हातात धरवत न्हाई, ही मिरवायला. अन् सांबरशिंग खडबडीत. पावसात, रगतात, कशातबी हातातनं सुटायचं न्हाई. म्हनून रानात हिंडणाऱ्याला ते."

"आम्ही लोहारकी शिकायला बसलो नाही," पिराजीराव म्हणाले.

"एकच सांगतो, सरकार. गोमाची मूठ पुढं फुगीर, मागं निमुळती. रानातला माणूस सुरी पात्याजवळ धरतो, बोट पात्याच्या पाठीवर ठेवून. बुडाला त्याचा तळवा कधी लागतच न्हाई. तलवार चालवणारा मात्र कुठलीबी मूठ बुडाशी आवळतो अन् तळव्याचा रेटा देतो. सवयच ती. लखमाला मारताना रेटा बुडावर बसलाय. ही खाच बघा."

"खाच कसली?"

सटवाजीने डोळे मिटून घेतले.

"हितं शिंग पोकळ हुतं. म्या लाख भरून झाकलं. गोमाला सांगितलं न्हाई, तुमालाबी न्हाई. खोटं हत्यार दिलं, सरकार. रेट्यानं लाख फुटली अन् शिंगाची धार उघडी पडली. ज्यानं सुरी मारली त्याच्या उजव्या तळव्याला चंद्रकोरीवानी जखम झाली असंल, अन् तिच्यात लाखेचा लाल चुरा अडकला असंल. समद्यांचे तळवे बघा. पयला माझा बघा."

त्याने हात पुढे केला. तळव्यावर चटक्यांचे डाग होते, जखम नव्हती. गोमाच्या दोऱ्या सोडल्या. त्याचा तळवा दगडासारखा टणक आणि कोरा निघाला. पहारेकऱ्यांचे तळवे पाहिले. पिराजीरावांनी स्वतःचा तळवा सदरेला दाखवला आणि मग ते सुभानजींकडे वळले.

"सरनौबत?"

"आमच्या हातावर देवीचा भंडारा आहे. तो पुसणे म्हणजे शपथ मोडणे!" सुभानजी हसून म्हणाले; पण हात कमरेच्या शेल्याआड गेला होता.

"पुसू नका," पिराजीराव शांतपणे म्हणाले. "देवीचा भंडारा देवीच्याच तीर्थाने धुऊ. गुरव, तांब्या आणा."

गुरव तांब्या घेऊन आला. पाण्याची धार पडणार तोच सुभानजींनी डाव्या हाताने कट्यार उपसली आणि ते सरळ सटवाजीवर धावले. म्हातारा हललाही नाही. धैर्याने नव्हे, भीतीने त्याचे पाय जमिनीला खिळले होते. आडवा आला तो गोमा. कट्यार त्याच्या दंडातून आरपार गेली, तोवर पहारेकऱ्यांनी सरनौबतांना खाली पाडले होते. गुरवाने त्यांच्या उजव्या तळव्यावर धार सोडली आणि पिवळे पाणी ओघळले. अंगठ्याखाली चंद्रकोर होती आणि तिच्या कडेला लाल कण चिकटलेले होते. लाख पाण्याने जात नाही.

मग सुभानजींनी सारे कबूल केले. खानाने त्यांना गडाची हवालदारी देऊ केली होती. दिंडीतून निरोप्या सोडताना लखमाने पाहिले. गोमाची सुरी आधीच लांबवून ठेवली होती, कारण कुमकेचा वाटाड्या आज ना उद्या आळ घालून मारायचाच होता. भर दुपारी कडेलोट झाला, पण माणूस निराळा होता.

गोमा दंड बांधून सांजेला कड्याने उतरला.

राहिला सटवाजी. तो सदरेवरून हललाच नव्हता. "अंगठ्याचं काय, सरकार?"

पिराजीरावांनी त्याच्या हाताकडे पाहिले. गड वाचवणाऱ्याचा अंगठा तोडायचा? पण सदर पाहत होती, आणि सदरेवरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत चार महिन्यांचा संशय होता. एकाला हुकूम माफ झाला की उद्या दुसऱ्याला का नाही, हे विचारायला शंभर तोंडे तयार होती. "वेढा उठेपर्यंत राखून ठेव," अखेर ते म्हणाले. "हत्यारे लागतील."

चौथ्या दिवशी पाचशे माणसे मागल्या कड्याने वर आली आणि आठव्या दिवशी खानाने राहुट्या मोडल्या. ते आठही दिवस सटवाजीने भाता थंड होऊ दिला नाही. गडावर नगारे वाजत असताना तो धुतलेले धोतर नेसून सदरेवर गेला आणि त्याने आपण होऊन उजवा हात पाटावर ठेवला. हुकूम पिराजीरावांनी दिला, आणि सर्वांदेखत ते ढसाढसा रडले.

जखम भरायला महिना लागला. त्यानंतर सटवाजीने पहिली मूठ केली ती स्वतःच्या हातोड्याची, बाभळीची, चार बोटांत बसेल अशी रुंद. मातीचा गोळा आवळताना त्याला आपला ठसा ओळखू येईना.

एके दिवशी गोमा आला. हवालदारांनी त्याला रुप्याच्या मुठीची सुरी बक्षीस दिली होती. ती त्याने घरातल्या देवापुढे ठेवली होती. कमरेला तीच जुनी, सांबरशिंगाची होती.

"आन हिकडं," सटवाजी खालच्या मानेने म्हणाला. "खाच भरून देतो. ह्या खेपेला चांगली."

"नगं, आबा." गोमाने सुरीवर हात ठेवला. "ह्या गडावर जिची खोट मला ठावं हाय, अशी ही एकच वस्तू. तशीच ऱ्हाऊ द्या. पातं तेवढं लावून द्या, बोथट झालंय."

सटवाजीने चार बोटांनी सुरी धरली, बुडाशी नव्हे, पात्याजवळ, आणि दगडावर पाणी टाकले.