चालत्या गाडीचं सामान

बसा. खुर्चीचा पाय मोडलाय, त्या स्टुलावर बसा. मीटर समोर फळीवर आहे. डोळे भरून बघा, पण हात लावू नका. आणि आत्ता त्यावर आकडा काय दिसतोय तो वाचून ठेवा. सतरा ना? लक्षात राहू द्या.

तुमच्या मोपेडला नेमकं हेच मीटर बसतं, हे मला सांगायची गरज नाही. कुठल्या मोपेडला काय बसतं ते मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेय. मला कोणी शिकवलं नाही. नवरा मोपेड टाकून गेला. ती बिघडली म्हणून उघडली, उघडली म्हणून शिकले. तुमच्या क्लबातल्या निम्म्या जुन्या मोपेडी या टेबलावर येऊन गेल्यात. बाईच्या हातात पाना शोभत नाही असं म्हणणाऱ्यांच्याही. त्यांच्या तर आधी आल्या.

मीटर मी का देत नाही ते सांगते. वेळ आहे थोडा.

मला एक मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी ठरणं तिला माहीत नव्हतं. तिची मोपेड मी दुकानातून कोरी आणली. दुकान ते घर तीन किलोमीटर. दारात उभी केली तेव्हा मीटरवर तीनचा आकडा होता, तो मी खडूनं भिंतीवर लिहिला. तुमच्या पाठीमागे, अगदी खाली. मग आमच्या घरची ती रीतच झाली. मोपेड ती फक्त क्लबच्या सहलीला काढायची आणि निघताना दरवेळी आकडा भिंतीवर जायचा. शंभरावर आकडे आहेत. सगळ्यात वरचा चौदा हजार तीनशे बारा.

ब्रेक म्हणून ती लावायची नाही. दोन्ही पाय खाली टाकून चपला घासत थांबायची. वर्षाला तीन जोड फुकट.

"अगं, ब्रेक कशाला दिलाय?" मी ओरडायची.

"शोभेला. आई, तार तुटते, चप्पल तुटत नाही."

"तोंडाला ब्रेक बसवला पाहिजे तुझ्या."

"बसव. तुझ्याकडे माप आहे का?"

अशी होती.

आठ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आम्ही सतरा जण निघालो. सकाळ होती, पण धुकं इतकं की पुढच्याचा दिवा पिवळा ठिपका वाटावा. क्लबचा नियम तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांच्या शेवटी जो चालतो तो शेपूट. कोणाची मोपेड बंद पडली की शेपूट थांबतं, पण शेपटासाठी कोणी थांबत नाही. म्हणून शेपूट हुशार लागतं. त्या दिवशी भिंगरी शेपूट होती. मीच सुचवलं होतं, मिरवायला, की बघा माझी लेक.

तेविसाव्या किलोमीटरला चढाच्या माथ्यावर तिची साखळी उतरली. मी मागे वळून बघितलं. तिनं हात हलवला, म्हणाली, "जा तू, आलेच." ती साखळी आदल्या दिवशी मीच बसवलेली. मला थांबायला हवं होतं. पण नियम नियम असतो, आणि आई लेकीसाठी थांबली म्हणून कोणी हसलं असतं तर मला ते सोसलं नसतं. मी उताराला लागले.

खाली टपरीवर चहा गार झाला. मग आम्ही परत वर गेलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट माळ. दरी नाही, नदी नाही, लपायला झुडूप नाही. माथ्यावर साखळीच्या तेलाचा एक डाग होता, बस्स. पोलीस झाले, पेपर झाले, नातेवाइकांची कुजबुज झाली. पळून गेली असेल, म्हणाले. मी त्यांना दाराबाहेर काढलं.

चार वर्षं गेली. मग जुन्या सामानाच्या बाजारात मला पेडल सापडलं.

तो बाजार तुम्ही बघितलाय. पार टोकाला, भिंतीच्या सावलीत, एक माणूस गोणपाट पसरून बसायचा. चार-पाचच वस्तू मांडायचा. मान खाली, कानाला फडकं. मी त्याला गोणपाटवाला म्हणते. त्याच्याकडे डाव्या पायाचं पेडल होतं आणि त्यावर माझं वेल्डिंग होतं. बाईला आपली शिवण ओळखू येते, तसं मला माझं वेल्डिंग ओळखू येतं. उचललं तर पेडल कोमट. ढगाळ सकाळ होती, ऊन कुठलं? तरी मी स्वतःला उन्हाचंच कारण दिलं.

विचारलं नाही. त्या बाजाराची रीत आहे, वस्तू कुठल्या गाडीची ते विचारायचं नाही. विचारलं की विकणारा गोणपाट गुंडाळतो आणि पुन्हा दिसत नाही. मला भीती वाटली, हा माणूस गेला तर उरलेलं सामान कुठून मिळणार? मी ठरवलं, आधी सगळी मोपेड जमवीन, मग त्याच्या छातीवर बसून विचारीन, माझी पोर कुठाय.

जमवली. दर महिन्याला एखादी वस्तू. हेडलाइट मिळाला तेव्हा काच एवढी तापलेली की बोट पोळलं. सायलेन्सर त्यानं पोत्यात गुंडाळून दिला, आतून धुराचा वास येत होता, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा. साखळीला ओला चिखल होता. मी सगळं घरी आणून पुसायची आणि या जमिनीवर मोपेडच्या आकारात मांडायची. मला आनंद व्हायचा, खोटं का बोलू. अर्धी लेक घरी आल्यासारखं वाटायचं.

मग हे मीटर मिळालं. आणि त्याच दिवशी ब्रेकचा दांडा, हँडलच्या तुकड्यासकट. त्या दांड्याला मी स्वतः काळी पट्टी गुंडाळून दिली होती आणि पट्टीत तिच्या नुसत्या टेकवलेल्या चार बोटांचे खळगे पडले होते. मी त्यांत माझी बोटं घातली. बसली नाहीत, माझी जाड आहेत.

मीटरवर आकडा असायला हवा होता चौदा हजार तीनशे पस्तीस. घर ते माथा तेवीस किलोमीटर, हिशेब सरळ आहे. मीटरवर होते साठ हजार नऊशे आणि काही. मी ते फळीवर ठेवलं, मोकळं, कशालाही न जोडलेलं. चहा करून आले तर शेवटचं चाक फिरत होतं. हळूच, एक एक आकडा. नंतर मोजलं, दिवसाला वीसेक किलोमीटर.

आमच्या क्लबात घड्याळवाले अण्णा होते. आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांना बोलावलं.

"याला तार नाही, चाक नाही. फिरणार कसं?" ते म्हणाले. "तुमची नजर तपासून घ्या, वहिनी."

"आधी तुमची वापरा. बघा."

अण्णांनी बघितलं. मग सवयीनं मीटर कानाला लावलं. बराच वेळ लावून होते. मग दोन्ही हातांनी जपून खाली ठेवलं.

"आत टिकटिक नाही," ते म्हणाले. "आत वारा आहे... उतारावरचा."

पुढच्या रविवारी मी रीत मोडली. गोणपाटवाल्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, "हे सामान कुठल्या गाडीचं?"

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. चेहरा साधा होता, तुमच्या-माझ्यासारखा. त्यानंच जास्त भीती वाटली.

"चालत्या गाडीचं," तो म्हणाला.

"चालवतंय कोण?"

"आहे एक मुलगी. सारखी विचारते, माझं सामान कोण नेतंय."

 मी गोणपाटावर हात टेकले.

"मग ती... थांबत का नाही?"

"कशी थांबेल? दिवा गेला, घर दिसत नाही. साखळी गेली, चढ चढवत नाही. उतारच उतार धरून चाललीय बिचारी." त्यानं फडकं सारखं केलं. "घेणाऱ्यानं विचारायला हवं होतं आधी."

कळलं तुम्हाला? चार वर्षं मी लेकीला जमवत नव्हते, लेकीला सोलत होते. एक एक वस्तू, माझ्या हातानं, पुसून पुसून.

"परत दिलं तर?"

"दिलंत तर तिला पोचवतो."

त्या आठवड्यात मी झोपले नाही. रविवारी दोन पोती भरून सामान नेलं. त्यानं बोटानं मोजलं.

"दोन कमी."

"मीटर राहू दे. ती कुठवर आली ते कळायला नको मला? आणि ब्रेकचा दांडा... त्यावर तिची बोटं आहेत. लेकीचं काहीतरी आईपाशी असू द्या."

"मीटर ठेवा," तो म्हणाला. "दांडा मात्र..."

"ती ब्रेक लावतच नाही. मला माहीत आहे माझी पोर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. कीव असावी ती. "तुमची मर्जी," म्हणाला आणि पोती उचलून भिंतीच्या आडोशाला गेला. त्यानंतर तो बाजारात आलेला नाही.

त्याच संध्याकाळी मीटर उलटं फिरायला लागलं, आणि आता मोपेडच्या पुऱ्या वेगानं. एकसष्ट हजार दोनशे आठपासून मागे. मी ओळखलं, पोर घरी निघाली. हिशेब केला, तासाला तीस धरले, तर चौदा हजार तीनशे बाराला यायला दोन महिने आणि पाच दिवस. मी घर पुसलं. तिची गादी उन्हात टाकली. दारावर मोठा दिवा लावला.

आकडा जुळला तो दिवेलागणीला. लांबून आवाज आला, तो फुटका, खोकल्यासारखा, मीच जुळवलेला आवाज. मी दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले. आवाज जवळ आला, अंगावर आला, धुराचा वास नाकात शिरला... आणि आवाज पुढे गेला. रस्ता रिकामा. मी दिवा घेऊन खाली वाकले. रस्त्यावर दोन काळ्या रेघा होत्या. आमच्या दाराच्या अलीकडे सुरू झालेल्या, दारावरून पुढे गेलेल्या. चपला घासल्याच्या.

आत आले तर फळीवर दांडा मिटलेला होता. गच्च, हँडलला टेकलेला, थरथरत. कोणीतरी जिवाच्या आकांतानं दाबून धरावा तसा. आवाज विरला तसा तो हळूहळू सुटला.

मीटर थांबलं नाही. खाली उतरतच राहिलं. मग मला भिंतीचा अर्थ कळला. ती आपला सगळा रस्ता उलटा चाललीय, आणि भिंतीवरचा प्रत्येक आकडा म्हणजे ती आपल्या दारात असण्याची वेळ. गेले वीस दिवस, दिवसातून पाच-सहा वेळा ती या दारावरून जातेय. प्रत्येक वेळी पाय टाकते. पहिल्या आठवड्यात रेघा काळ्या होत्या. आता काळ्या नाहीत. चपला संपल्या असणार.

मी बाजार पालथा घातला. दांडा घ्यायला कोणी नाही. मग मी डोकं चालवलं. ब्रेकचा दांडा दाबला की तार ओढली जाते, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला घट्ट धरणारं काहीतरी लागतं. चाकाजवळ ते नसेल, तर इथं मी आहे. दांडा टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, त्याला नवी तार लावली आणि तारेचं टोक मनगटाला गुंडाळलं. हा वळ त्याचाच. आकडा जुळला की अशी ओढ बसते की खांदा निखळावा. पण बाहेरचा आवाज हळू होतो. खरंच होतो. एकदा तर दारासमोर इतका हळू झाला की मला तिचा श्वास ऐकू आला. "आई, धर," एवढंच म्हणाली. आणि तार माझ्या हातातून निसटली. म्हातारं हाड आहे, काय करू?

आता बघा मीटर. चार आणि काही. बोलण्यात तेरा किलोमीटर गेले. भिंतीवर एकच आकडा उरलाय, सगळ्यात खालचा. तीन. त्याच्या आधी ती या दारात कधी आलेलीच नव्हती, म्हणून आता त्यानंतर कधीच येणार नाही.

म्हणून म्हटलं, मीटर देत नाही. पण तुम्ही आलात ते बरं झालं. चांगले धट्टेकट्टे आहात. हे टोक घ्या, दोन वेढे मनगटाला. मी तुमच्या पुढे धरते. ओढ बसली की पाय टेबलाला लावायचा आणि काही झालं तरी सोडायचं नाही.

खरं सांगते, तेव्हा एकटी नव्हते मी, गेल्या आठवड्यात अण्णा होते धरायला. मी दचकून तार सोडली. अण्णांनी सोडली नाही. दिवा फडफडला, तार सैल झाली, आणि मी वळून बघितलं तेव्हा वेढे रिकामे, पण तसेच गोल होते, मनगट जेवढं असतं तेवढे. त्यांची मोपेड बाहेर कट्ट्याला लावलेली आहे. येताना तुम्ही बघितली असेल. मी रोज संध्याकाळी हात लावून बघते. सीट अजून गरम असते.

आवाज येतोय... ऐकलात?

धरा.