जिथे भूत, तिथे मंद दिवा

ती किल्ल्यात पर्यटकांना भुतांच्या गोष्टी सांगायची. त्या दुपारी तळघराच्या पायऱ्यांवर आवाज खाली आणत ती म्हणाली, "इथेच... राणीचं पाऊल वाजतं—" आणि अंधारातून चुन्याने पांढराफटक झालेला एक तरुण वर आला. पर्यटकांची पळापळ झाली. तिचीही बोबडी वळली.

"भूत नाही, वायरमन आहे," तो ओशाळून म्हणाला.

तो दिवे बसवायला आला होता. तिला रागच आला. कोपरान्‌कोपरा उजळल्यावर तिच्या भुतांना कोण भिणार? तिने तसं ऐकवलंही. तेव्हापासून तो प्रत्येक दिवा लावण्याआधी तिला विचारू लागला... इथे कुणी राहतं का? राहत असेल तर जरा मंद ठेवतो. ती गंभीर चेहऱ्याने जागा दाखवायची, आणि पाठ वळली की हसायची. हळूहळू दोघांची चहाची वेळ एक झाली.

काम संपत आलं, तसं तिचं कशात लक्ष लागेना. केस बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. आईने विचारलं, अंगात काय संचारलंय तुझ्या? काय सांगणार? तो दुसऱ्या गावी जाणार होता आणि मनातलं अवाक्षर काढत नव्हता.

तो निघायच्या दिवशी ती बुरुजावर राणीची गोष्ट सांगत होती. सरदारावर जीव जडलेली राणी, त्याचं मोहिमेवर जाणं, खिडकीशी तिचं झुरणं. आज तिची नजर सारखी खाली जात होती. खाली दरवाजाशी तो टेम्पोत वायरची भेंडोळी भरत होता.

"पण तिने त्याला सांगितलं होतं का गं?" पर्यटकांमधल्या एका मावशींनी विचारलं.

"नाही..." हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "जरा थांबता? आलेच मी."

ती धापा टाकत खाली पोहोचली. वाऱ्याने केस तोंडावर येत होते.

"काही राहिलं का?" त्याने विचारलं.

"राहिलं. तुम्ही कामाला जा, मी अडवत नाही. पण... मला तू आवडतोस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिलाच कळलं नाही. त्याने हातातलं भेंडोळं खाली ठेवलं. मग हात पँटला पुसत म्हणाला, "मी कधीपासून हेच पाठ करतोय. तुझ्यासमोर आलो की सगळं विसरतो."

"मग आता म्हण की."

त्याने म्हटलं, अगदी हळू.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग इंजिन बंद करून तो सावलीत जाऊन बसला.