चांगुणेचा हिस्सा

चिंतामणी दारात उभा राहिला तेव्हा चांगुणा जीन्सच्या पँटींचे धागे कापत बसली होती. उल्हासनगरच्या बराकीतल्या त्या एवढ्याशा खोलीत ती विधवा होऊन राहायला आली त्याला वर्षं लोटली होती, पण सख्ख्या भावाला तिचा पत्ता सापडला तो आज! आणि तोही हातात मिठाईचा पुडा घेऊन... त्या पुड्याकडे पाहून तिला आनंदाआधी भीतीच वाटली.

त्याला कारण होतं. अण्णा, तिचे वडील, गेले तेव्हा ती बदलापूरला सासरी होती आणि निरोप मिळून अंबरनाथला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेरावं उरकताच दादा तिला तलाठ्याकडे हक्कसोडीसाठी घेऊन गेला होता. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडून द्यायचा, भावाकडून साडीचोळी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, ही तिकडच्या लेकीबाळींची रीतच. वर दादाने सांगितलं होतं की जमीन एकहाती राहावी, चांगुणेने सही करावी, ही अण्णांची शेवटची इच्छा होती. वडिलांचा शब्द म्हणून तिने आनंदाने सही केली. फक्त एक गोष्ट तिच्या काळजात कायमची सलत राहिली... शेवटच्या घटकेला बापाला आपली आठवण झाली, ती सही घेण्यापुरतीच!

पुढे एमआयडीसीत कामाला असलेला तिचा नवरा आजारपणात गेला आणि ती पदर सावरत माहेरी आली, तर सही केल्यावर कसलं माहेर, असं गयावहिनीने तोंडावर विचारलं. दादा ओटीवर बसून सगळं नुसतं ऐकत होता.

आज मात्र तो खूप बोलत होता. शहराचा नकाशा वाढत वाढत त्यांच्या शेतापर्यंत आला होता, आणि नव्या कायद्याने एका कुटुंबाला शहराच्या हद्दीत मर्यादेबाहेर मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. जास्तीची सरकारजमा! जमीन एकहाती ठेवण्याची त्याची हौस अशी काही फळाला आली होती की सातबाऱ्यावर त्याच्याखेरीज कुणाचं नावच नव्हतं, आणि एकट्याला तेवढी जमीन पचू द्यायला कायदा तयार नव्हता. आता एकच वाट उरली होती. बहिणीचा निम्मा हिस्सा अजून शाबूत आहे असं दाखवायचं, म्हणजे दोन कुटुंबांच्या दोन मर्यादा धरल्या जातील. त्यासाठी जुनी हक्कसोड खोटी ठरायला हवी होती.

"तू फक्त बोल, दादानं फसवून सही घेतली. कर्जाचा कागद आहे असं बोलून."

"तू फसवलंस मला?"

"तसं बोलायला लागतं गं कचेरीत," तो तिची नजर चुकवत म्हणाला. "जमीन वाचली तर मागची खोली तुझी. वहिनीपण हो बोललीय."

चांगुणेने हातातली कातर खाली ठेवली. उभ्या जन्मात तिने कुणाला काही दिलं असेल, तर ती एक सही! आणि आता देवाशपथ सांगायचं की ते दान नव्हतं, लूट होती... ती म्हणाली, "येते मी कचेरीत. तुझी पोरं उघड्यावर नको पडायला."

सीलिंगच्या, म्हणजे जमीन-मर्यादेच्या, कचेरीत ती हात जोडून उभी राहिली आणि वकिलाने पढवलेलं घडाघडा बोलून गेली. साहेब कंटाळून ऐकत होते. सीलिंग आलं की सगळ्यांच्याच बहिणी फसलेल्या निघतात, असं ते म्हणाले आणि कारकून हसला. अपमानाने तिचा चेहरा लालबुंद झाला, तरी जोडलेले हात तिने सोडले नाहीत. मग साहेबांनी चिंतामणीला विचारलं, काय सांगून घेतली सही?

चिंतामणी बहिणीच्या त्या हातांकडे बघत होता. धागे कापून कापून कातरीचे घट्टे पडलेले हात... वकिलाने त्याला कोपराने डिवचलं.

"अण्णांची शेवटची इच्छा आहे असं सांगितलं," तो म्हणाला. "अण्णा तसं बोललेच नव्हते."

वकिलाने कपाळावर हात मारला. बहीण सांगते कर्जाचा कागद, भाऊ सांगतो बापाची इच्छा. साहेबांनी तेवढीच विसंगती धरली आणि दावा फेटाळला. चिंतामणीच्या तोंडून जन्मात एकदा खरं निघालं, तेच तिथे बनाव ठरलं! जास्तीची सगळी जमीन सरकारची झाली.

बाहेर पायरीवर तो मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. चांगुणा त्याच्यासमोर नुसती उभी होती. जमिनीचा विचारही तिच्या मनात नव्हता.

"मग काय बोलले होते अण्णा?"

"विहिरीकडचा तुकडा चांगूला दे, बोलले... तिला बोलवा, बोलवा, करतच गेले."

म्हणजे बाप तिचं नाव घेत गेला होता, आणि इतकी वर्षं ती मनातल्या मनात त्याच्यावर रुसून बसली होती! तिच्या रुसव्याला उत्तर द्यायला अण्णा आता कुठे होते?

"जमीन घेतलीस ते मी कधीच सोडलं होतं, दादा. पण ती हाक माझी होती रे... ती कशाला ठेवून घेतलीस?"

चिंतामणीने तिचे पाय धरले. घरी चल, असेल त्यात अर्धी भाकरी तुझी, असं काहीबाही तो म्हणत राहिला. तिने त्याला दंडाला धरून उठवलं, शेजारी बसवलं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

"येईन घरी. पण आधी मला पुन्हा सांग," ती म्हणाली. "अण्णा कसे बोलले, ते पहिल्यापासून सांग."