फिरत्या पिंपातलं सत्य

“आजोबांचा डोळा लागला, की निघायचं!” दादाने फर्मान काढलं. “आणि डावऱ्या, जिन्यावर धाडधाड पाय आपटलेस तर तुला इथेच सोडून जाऊ.”

“मी कधी आपटतो?” मामेभाऊ डावरा म्हणाला आणि उठताना त्याने पहिला धक्का पाण्याच्या पेल्यालाच दिला.

“बघ! आजवर हा मुलगा एखादी गोष्ट सरळ हाताने करील तर शपथ!”

“मी डावखुरा आहे, वेंधळा नाही!” डावरा फणकारला.

“दोन्ही आहेस,” खारूने निकाल दिला. झाडावर सरसर चढते म्हणून तिला घरीदारी सगळे खारूच म्हणत. वय वर्षं बारा, आणि नाक खुपसायची सवय मोठ्या माणसाला लाजवेल अशी.

सुट्टीत आजोबांकडे राहायला येण्याची तिघांची ही पहिलीच वेळ. आजोबा तसे फार प्रेमळ. बागेतले टोमॅटो स्वतः धुऊन हातात देत, खारूची वेणीसुद्धा घालत. पण दोन बाबतींत त्यांचं काहीतरी बिनसलेलंच असे. एक म्हणजे ते कधी गाडी चालवत नसत. नुसतं चालवणंच नव्हे, पुढच्या सीटवर बसायलाही राजी नसत. आणि दुसरी गोष्ट, रणगाड्यांच्या संग्रहालयाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडे. “भंगार आहे तिथे सगळं. काय बघायचंय?” एवढं बोलून ते बागेत निघून जात.

आता, मुलांना एखाद्या ठिकाणी जाऊ नका म्हटलं की ती कुठे जातात, हे मी वेगळं सांगायला नको.

तिघं पावलं न वाजवता आजोबांच्या खोलीवरून चालली होती. तेवढ्यात झोपेतच आजोबा पुटपुटले, “मिस्त्री, थांब! अरे थांब!” त्यांचा हात चादर घट्ट धरून होता.

“मिस्त्री कोण?” डावरा कुजबुजला.

दादाने खांदे उडवले. खारूच्या मनातून मात्र तो आवाज जाईना. मोठी माणसं इतकं घाबरून बोलतात, हे तिला माहीत नव्हतं.

* * *

संग्रहालयाच्या शेवटच्या दालनावर पाटी होती, ‘फसलेले प्रयोग’. आत शिरल्याबरोबर दादाची गाडी सुटली. रणगाडा म्हटलं की त्याला खाण्यापिण्याचं भान राहत नसे.

“हे चित्र बघा! घराएवढ्या चाकांचा रणगाडा! मागचं छोटं चाक चिखलात रुतलं आणि स्वारी तिथेच बसली! आणि हा, बॉम्ब लावून खंदकावरून उडी मारायचा.”

“उडी मारली?”

“मारली ना! आणि उताणा पडला!”

डावरा पोट धरधरून हसला. “आणि हा पंखवाला? रणगाड्याला पंख? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?”

“हसू नका रे,” खारू म्हणाली, “आत माणसं बसायची ना त्याच्या?”

दालनाच्या मधोमध एक खराखुरा रणगाडा उभा होता. बसका, रुंद, आणि वरचा फिरता घुमट त्याच्या अंगाला न शोभणारा, भलामोठा. शेजारी खुर्चीत पहारेकरी काका डुलक्या घेत होते.

“हा वेगळाच आहे!” दादाचे डोळे चमकले. “इतर रणगाड्यांत चालक खाली, पुढे बसतो. याच्यात तोसुद्धा वर, घुमटात! खालचा भाग ठेंगणा राहावा म्हणून.”

“पण घुमट फिरला की चालकही फिरेल! तोंड मागे आणि गाडी पुढे!” खारू म्हणाली.

“म्हणून तर त्याची सीट घुमटातल्या या गोल, फिरत्या पिंपात आहे. घुमट जितका एका बाजूला फिरेल, तितकं पिंप उलट्या बाजूला फिरतं. त्यामुळे चालकाचं तोंड कायम पुढेच! भन्नाट आहे की नाही?”

खारू उत्तर देणार होती, पण तिची नजर भिंतीवरच्या फलकाकडे गेली. पितळी अक्षरं, नवीकोरी, नुकतीच घासल्यासारखी चमकत होती. चाचणीत चालकाच्या चुकीमुळे हा रणगाडा तळ्यात बुडाला, एका सहकाऱ्याचा अंत झाला, असा मजकूर होता. खाली चालकाचं नाव होतं.

ते तिच्या आजोबांचं नाव होतं.

दादाने वाचलं. डावऱ्याने वाचलं. मग डावरा हळूच म्हणाला, “आजोबांकडून असं नाही होणार.”

“तुला काय ठाऊक?” दादा चिडून म्हणाला आणि त्याने फलकाकडे पाठ केली.

“बसायचंय का कुणाला आत?” पहारेकरी काका डोळे चोळत उठले. “आजचाच दिवस काय ते. मागच्या महिन्यात एका पोराचं बोट चेमटलं, तेव्हापासून त्या बाजूच्या खिडकीमागे बसणारे आमचे साहेब रागावलेत. उद्या वेल्डर येऊन सगळी झाकणं कायमची बंद करणार.”

मुलं आत शिरली. खारू पिंपातल्या सीटवर बसली. समोर काचेची अरुंद फट होती. तिच्यातून दालनाचं प्रवेशद्वार दिसत होतं. काकाही मागोमाग आत आले आणि त्यांनी घुमटाच्या आतल्या भिंतीवरचं हँडल धरलं. “नियम असा, की घुमट उजवीकडेच पूर्ण गोल फिरवायचा. कारखान्यापासूनची पद्धत आहे.” त्यांनी हँडल फिरवलं. घुमट गरगरत गेला, खारूची सीट उलट फिरली, आणि फटीत दरवाजा जसाच्या तसा राहिला.

“दरवाजाच दिसतोय!” ती ओरडली. पिंप तर नीट चालत होतं. म्हणजे खरंच आजोबांचीच चूक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काका, मी फिरवू? एकदाच!” डावऱ्याने विचारलं, आणि काका हो-नाही म्हणायच्या आत हँडल धरलंसुद्धा. अर्थात डाव्या हाताने. आणि त्या हाताला सहज जमेल तसं त्याने ते फिरवलं. उलटं!

“अरे, तिकडून नाही!”

“दादा!” पिंपातून खारूचा आवाज चिरकला. “दरवाजा कुठे गेला? मला साहेबांच्या खोलीची खिडकी दिसतेय!”

“खिडकी? ती तर बाजूला आहे. तोंड पुढेच आहे ना तुझं?”

“सीट अडकली! घुमटाबरोबर मीही फिरले! आणि फिरल्याचं मला कळलंसुद्धा नाही, समोर दरवाजा नसता तर वाटलं असतं मी पुढेच बघतेय!”

दादा हळूहळू, एकेक शब्द तोलून बोलू लागला. “डावीकडे फिरवला की पिंप अडकतं. चालकाला वाटतं आपण पुढे बघतोय. समोर जमीन दिसते, म्हणून तो गाडी हाकतो. पण गाडी जाते तिच्या नाकाच्या दिशेने.”

“तळ्यात,” खारू म्हणाली.

* * *

संग्रहालयाचे साहेब टेबलाशी बसून वेल्डरच्या कामाच्या कागदावर सही करत होते. उंच, किडकिडीत, कपाळावर कायमची आठी. मुलांचं म्हणणं त्यांनी अर्ध्यावरच तोडलं.

“तेव्हा तज्ज्ञांनी चौकशी केली होती. घुमट पूर्ण गोल फिरवून पाहिला होता. पिंप व्यवस्थित होतं.”

“कुठल्या बाजूने फिरवून?” दादाने विचारलं.

“बाजूचा काय संबंध? तुम्ही आहात तरी कोण?”

खारूने आजोबांचं नाव सांगितलं. साहेबांच्या हातातलं पेन थांबलं.

“त्या माणसाची नातवंडं,” ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण ओरडले असते तर बरं, असं खारूला वाटलं. “त्या रणगाड्यात बुडाले ते माझे वडील होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो. जा आता.”

मिस्त्री! खारूला झोपेतला तो हात आठवला, चादर घट्ट धरलेला. तिला खरं तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. या माणसाचे वडील गेले, आणि आपण त्याच्याशी वाद घालतोय!

तेवढ्यात डावऱ्याने तिला कोपरखळी मारली. “खारू, साहेबांचं पेन बघ. कुठल्या हातात आहे?”

डाव्या!

खारू टेबलापाशी सरकली. “सर, आम्ही जातो. पण आधी तुम्ही एकदाच हँडल फिरवा. कुठल्या बाजूने ते आम्ही नाही सांगणार. पिंप नीट चाललं तर आम्ही पुन्हा कधी तोंडही दाखवणार नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची मागे सरकवली.

काकांनी घुमट पुन्हा सरळ करून ठेवला होता. आत शिरल्यावर खारू सीटवर बसली आणि साहेब हँडलापाशी. त्यांनी न बघता डावा हात पुढे केला. हँडल फिरलं. उलटं.

“काय दिसतंय?” त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

“तुमचं टेबल. आणि तुमची उघडी खिडकी.”

“खोटं!”

“या ना सर, तुम्हीच बसा.”

साहेब सीटवर बसले. फटीला डोळा लावला. बाहेर पहारेकरी काका खाकरले. मग साहेब बोलले, पण मुलांशी नव्हे.

“त्या दिवशी घुमटाची मोटर बंद पडली होती. घुमट बाबाच हाताने फिरवत होते.” त्यांनी स्वतःचा डावा हात वर धरून त्याच्याकडे पाहिलं. “तेही डावरेच होते.”

कोडं सुटलं होतं! असं कोडं सुटलं की एरवी तिघं उड्या मारत आणि एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत. त्या दिवशी कोणी जागचं हललं नाही. डावरा तर आपला हात खिशात लपवून उभा होता.

* * *

आजोबा टोमॅटोच्या वाफ्यात वाकले होते. फाटकात साहेबांना पाहून ते उभे राहिले, आणि हातातली पाण्याची झारी तशीच वाहत राहिली.

साहेबांनी सगळं सांगितलं. मध्येच थांबत, शब्द शोधत. आजोबांनी ते मान खाली घालून ऐकलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?” शेवटी साहेबांनी विचारलं.

“ठाऊक नव्हतं. संशय होता.” आजोबांनी झारी खाली ठेवली. “मला समोर रस्ता दिसत होता, एवढं मी चौकशीत सांगितलं. कुणी मानलं नाही. मिस्त्रीने हँडल उलटं फिरवलं असेल, हे नंतर मनात आलं. पण नुसत्या संशयावर गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं? त्याची बायको होती, तू होतास. आणि त्याची तरी काय चूक? त्याने हात फिरवला, मी गाडी हाकली. पिंप बनवणाऱ्यांनी एकच बाजू तपासली होती, ते आम्हा दोघांना कोण सांगणार?”

“अहो, पण तुम्ही आयुष्यभर...” साहेब वाफ्यातल्या टोमॅटोंकडे बघू लागले. “तुम्ही आमच्या दाराशी भाजीची पिशवी ठेवायचात. आई ती कधी आत घ्यायची नाही. उचलून शेजारणीला द्यायची.”

“माहीत आहे.”

“गेल्या हिवाळ्यात ती गेली. तुमचं नाव न घेता गेली.”

“माहीत आहे. मी फाटकाबाहेर उभा होतो त्या दिवशी.” “फक्त तिला कळायला हवं होतं रे. बाकी कुणाला नाही कळलं तरी चाललं असतं.”

खारूला राहवलं नाही. तिने धावत जाऊन आजोबांच्या कमरेला मिठी मारली आणि ती हुंदके देऊन रडू लागली. एका वर्षाचा उशीर झाला होता! आपण मागच्या सुट्टीत का नाही आलो, हेच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

“वेडी गं माझी,” आजोबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. मग त्यांनी डावऱ्याला जवळ बोलावलं. “आणि तू हात खिशातून काढ आधी. फार गुणी हात आहे तो. माझ्या मित्राचाही तसाच होता.”

* * *

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. साहेबांनी त्याला झाकणांना हात लावू दिला नाही. भिंतीवरचा पितळी फलक तेवढा काढून न्यायला लावला. कौतुकाला तर ऊत आला. पहारेकरी काकांनी तिघांना कडक सलाम ठोकला, फोनवर बाबा म्हणाले, “शाब्बास रे पठ्ठ्यांनो!” आणि बातमीदाराला दादाने पिंपाची सगळी रचना इतकी समजावून सांगितली, की तो बिचारा घामाघूम झाला.

संध्याकाळी दालन रिकामं झाल्यावर आजोबा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी हात देऊन त्यांना आत उतरवलं. ते पिंपातल्या सीटवर बसले आणि फटीला डोळा लावून म्हणाले, “फिरव. त्याच्यासारखं.”

साहेबांनी डाव्या हाताने हँडल धरलं. घुमट कुरकुरत फिरू लागला. दरवाज्यात उभ्या असलेल्या खारूला आजोबांचा नुसता आवाज ऐकू येत होता.

“हेच. अगदी हेच. मला वाटलं, मी पुढेच बघतोय.”

घुमट फिरतच होता. मग आजोबा फार हळू आवाजात म्हणाले, “मिस्त्री, बास. थांब आता.”

साहेबांनी हात थांबवला.